भाकरी, तोडा आणि अमावास्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वासुदेव बळवंत फडक्यांवरच्या चित्रपटासाठी तू केलेली टिपणं दोनदा वाचली. एकूण १४ प्रसंग आहेत आणि त्यांतल्या ११ प्रसंगांत गोळीबार आहे. पहिली दुरुस्ती इथूनच सुरू कर. गनिमी काव्यानं लढणाऱ्या माणसाच्या आयुष्यात गोळीबार थोडा असतो. बाकीचा सगळा वेळ चालणं, लपणं, अन्न मिळवणं आणि कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणं यात जातो. चित्रपट तिथे उभा राहतो. चकमक त्या सगळ्याचा शेवट म्हणून येते आणि बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत आटोपते.

तुझ्या नायकाची एक गोष्ट तू टिपणांत एका ओळीत उरकली आहेस, ती मला सर्वांत मोलाची वाटते. हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात सुमारे १५ वर्षं कारकून होता. म्हणजे फौज कशावर चालते हे त्याला आतून माहीत होतं. त्या काळी देशी शिपायाचा पगार महिना ७ रुपये होता. २०० माणसं उभी करून त्यांना सरकारी दरानंच पगार द्यायचा तर महिन्याला १४०० रुपये लागतात, आणि त्यात बंदूक, दारू, घोडा काहीच धरलेलं नाही. हा आकडा बंडाच्या पहिल्या दिवशीही त्याच्या डोक्यात असणार. दरोडे का पडतात, ते पुन्हा पुन्हा का पाडावे लागतात आणि सोबतची माणसं लुटीच्या वाट्यावरून का कुरकुरतात, हे सगळं या एका बेरजेतून बाहेर येतं. प्रेक्षकाला ही बेरीज पहिल्या २० मिनिटांत कळली पाहिजे. भाषणातून ती कळणार नाही. कागद, टाक आणि बोटांवर मोजणारा हात दाखव.

आता अभ्यासासाठी एक चित्रपट घे. स्टीव्हन सोडरबर्गचा २००८ चा 'चे', क्रांतिकारक चे गव्हेरावरचा. दोन भाग मिळून सव्वाचार तासांच्या वर जातो. बेनिसिओ देल तोरोला त्यासाठी कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तू मात्र अभिनयासाठी पाहू नकोस, बांधणीसाठी पाहा. पहिला भाग क्युबाचा, जिंकलेल्या लढाईचा. चौकट रुंद, २.३९:१. गोष्ट मागेपुढे जाते आणि मध्ये १९६४ च्या न्यूयॉर्क भेटीचे कृष्णधवल तुकडे येतात, म्हणजे माणूस लढतोय आणि पुढे जाऊन त्या लढ्याचा अर्थही सांगतोय. दुसरा भाग बोलिव्हियाचा, हरलेल्या लढाईचा. इथे चौकट अरुंद, १.८५:१, कॅमेरा हातात, काळ सरळ आणि पडद्यावर मोहिमेच्या दिवसांचे आकडे. अर्थ सांगायला कुणी उरलेलं नाही, फक्त दिवस उरलेत. एकाच माणसाच्या दोन मोहिमांना दिग्दर्शकानं दोन वेगळी व्याकरणं दिली. तुझ्या चित्रपटाला दुसऱ्या भागाचं व्याकरण जवळचं आहे, कारण फडक्यांची मोहीम १८७९ च्या फेब्रुवारी ते जुलै एवढी छोटी आहे आणि उतरत जाणारी आहे.

त्या चित्रपटात आणखी एक गोष्ट पाहा. कॅमेरा नायकाच्या चेहऱ्याजवळ फार जात नाही. तो माणसांत बसलेला, माणसांत चालणारा दिसतो. तू मात्र पाचव्या पानापर्यंत चार वेळा 'डोळ्यांत अंगार' लिहिलं आहेस. ते चारही काढ. माणूस कळण्यासाठी त्याच्यासोबत कोण बसलं आहे आणि कोण बसायचं बंद झालं आहे, ते दाखव.

आणि एक इशारा. त्या चित्रपटात १९५९ मध्ये ला काबान्या किल्ल्यात चेच्या देखरेखीखाली झालेल्या गोळ्या घालण्याच्या शिक्षा जवळजवळ वगळल्या आहेत, १९६५ ची काँगोतली फसलेली मोहीमही नाही. टीका नेमकी तिथेच झाली आणि ती रास्त होती. तुझ्याकडेही अशी जागा आहे. दरोड्यात ज्याचं घर लुटलं जातं त्या घरातली माणसं. त्यांना खलनायक करून सुटका करून घेऊ नकोस. पेटीची किल्ली काढून देणाऱ्या म्हाताऱ्या बाईला एक पूर्ण मिनिट दे. ते मिनिट असेल तर फडक्यांचं धैर्यही खरं वाटेल.

चे गव्हेरा आणि फडके यांच्यात एक विलक्षण साम्य आहे आणि पटकथेला ते थेट उपयोगी पडेल. दोघांनीही मोहिमेत दैनंदिनी लिहिली आणि दोघांचीही दैनंदिनी शत्रूच्या हाती पडली. चेची बोलिव्हियातली वही ७ नोव्हेंबर १९६६ ला सुरू होते आणि ७ ऑक्टोबर १९६७ ला, पकडला जाण्याच्या आदल्या दिवशी, थांबते. महिनाअखेरीला तो आढावा लिहितो आणि शेतकरी आपल्यात येत नाहीत, ही नोंद पुन्हा पुन्हा येते. फडक्यांचं आत्मवृत्त आणि दैनंदिनी पुण्याच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरली गेली. बचावाला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, उभे होते. ही दैनंदिनी आधी वाच, चरित्रं नंतर. छापील चरित्रांत घटनांचा क्रम मागेपुढे झालेला आढळतो. एक मोठा तक्ता कर आणि त्यात पाच रकाने आख: तारीख, गाव, सोबत किती माणसं, पैसा किती आला-गेला, तिथी. तक्ता पुरा होईपर्यंत संवाद लिहू नकोस.

तिथीचा रकाना कशाला, असं वाटेल. उदाहरण देतो. १९ जुलै १८७९ ला कंकणाकृती सूर्यग्रहण झालं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. फडके कर्नाटकातल्या देवर नावडगीला पकडले गेले ते त्यानंतर लगेच, २० जुलैच्या रात्रीच्या सुमारास. तुझ्या टिपणात त्या प्रसंगाला 'टिपूर चांदणं' आहे. त्या रात्री चंद्र नव्हता, वर पावसाळ्याचं आभाळ. ही चूक सुधारलीस तर प्रसंगच बदलतो. त्यांच्या पाठलागावरचे इंग्रज मेजर डॅनियल आणि हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांच्या माणसांना मशाल पेटवता येत नाही, घोडे लांब सोडावे लागतात, ओल्या काळ्या मातीत पाय रुतण्याचा आवाज येतो. छायाचित्रकाराला निळा चंद्रप्रकाश देऊ नकोस. एखादा कंदील, तोही कापडानं अर्धा झाकलेला, एवढ्यावर हा प्रसंग होतो. आजचे डिजिटल कॅमेरे एवढ्या उजेडात काम करतात. अडचण फोकसची येते. लेन्स पूर्ण उघडी असते आणि फोकस पुलरला, म्हणजे फोकस सांभाळणाऱ्या सहायकाला, अंधारात चालणारा माणूस पकडायचा असतो. म्हणून माणसांच्या चालीला जमिनीवर खुणा ठेव आणि तालीम उजेडात करून घे.

आता भाकरीचं गणित. ५० माणसांची टोळी धर. दोन वेळा, माणशी तीन भाकरी, म्हणजे दिवसाला ३०० भाकरी. जाड भाकरी धरली तर किलोभर पिठात आठ होतात. सदतीस-अडतीस किलो पीठ लागलं. एका जात्यावर तासाला तीन किलोच्या आसपास पीठ निघतं असं धर. म्हणजे चार घरची जाती सलग तीन तास फिरली पाहिजेत. हे सगळं १८७६ ते ७८ च्या दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या गावात, जिथे कणगीच्या तळाशी हात घालून ज्वारी काढावी लागते.

हा तुझा सर्वांत मोठा प्रसंग आहे आणि टिपणांत तो नाही. गावात दळण पहाटे असतं, ओवीसोबत असतं. इथे मध्यरात्र आहे. चार घरांतून जात्यांची घरघर येते आणि ओवी कुणीच म्हणत नाही. पाटील अंथरुणात जागा होतो. तो काहीच करत नाही, फक्त ऐकतो आणि मोजतो: एक, दोन, तीन, चार. एवढ्या पिठाला खाणारी तोंडं किती हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. बंदूक न दाखवता, कुणी कुणाला न धमकावता प्रेक्षकाला कळतं की फितुरीला सुरुवात झाली. सकाळी तो कचेरीची वाट धरतो की नाही, यावर तुझा मध्यंतर होऊ शकतो.

हा प्रसंग ध्वनीवर उभा आहे, म्हणून ध्वनिमुद्रकाला आधीच सांग. खरं दगडी जातं, खुंटा घट्ट बसवलेलं, मातीच्या जमिनीवर ठेवून, तीन अंतरांवरून घे: हातभर, भिंतीपलीकडून आणि ५०-६० पावलांवरून. वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घातल्यावर आवाज जड होतो, दाणे संपत आले की दगडावर दगड घासल्यासारखा कोरडा होतो. हा फरक मुद्रणात आला पाहिजे. सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेल्या जात्याचा आवाज पोकळ येतो, स्टुडिओतल्या लायब्ररीतला तर एकाच लयीत फिरत राहतो. दळणाऱ्या बायका खऱ्या दळणाऱ्या शोध. खांद्यापासून फिरणारा हात आणि मनगटानं फिरवलेला हात कॅमेऱ्यात लगेच कळतो.

बंदुकांकडे येऊ. १८७८ चा शस्त्रांचा कायदा नुकताच झाला होता, परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा. म्हणून ५० माणसांत ५० बंदुका देऊ नकोस. मी १२ ते १५ देईन, बाकीच्यांकडे तलवारी, भाले, कोयते, गोफणी. त्यातही तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीनं उडणाऱ्या, आणि ठासणीच्या जुन्या बंदुका जास्त. तोड्याची बंदूक भरण्याची क्रिया नटांना तोंडपाठ हवी: नळीत मापाची दारू, वर गोळी, गजानं ठासणं, गज परत जागेवर, काना म्हणजे नळीचं बत्तीचं भोक साफ करून त्यावर रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, मग तोडा फुंकून निखारा ताजा करणं. पाऊण मिनिट सहज जातं. समोरच्या सरकारी फौजेकडे मागून भरायची स्नायडर रायफल, ती सराईताच्या हातात मिनिटाला दहा वेळा वाजते. ही तफावत एकाच सलग शॉटमध्ये दाखव: आपला माणूस ठासतोय आणि तिकडून सात आवाज येतात. एवढं पुरे, वर पार्श्वसंगीताची गरज नाही.

तोड्याच्या आणखी दोन खोडी आहेत, दोन्ही पटकथेला उपयोगाच्या. रात्री पेटता तोडा लांबून दिसतो आणि वाऱ्यावर त्याचा वास जातो, म्हणून दबा धरताना तो मडक्यात किंवा तळहाताच्या आडोशाला धरावा लागतो. पावसात तो विझतो आणि रंजक भिजते. जून उजाडला की टोळीच्या निम्म्या बंदुका काठ्यांच्या मोलाच्या होतात.

धुराबद्दल सगळ्यांत जास्त चुका होतात. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये निघाली, त्याआधी दोन्ही बाजूंना काळी दारूच. एका बारानंतर पांढरा दाट धूर उठतो आणि वारा पडलेला असेल तर नेम धरणाऱ्यालाच पुढचं दिसत नाही. संगणकावर नळीच्या तोंडाशी नुसती पिवळी ठिणगी चिकटवली की १८७९ मधली बंदूक १९४५ मधली दिसते. उघड्या माळावर धुराचं यंत्र वाऱ्यापुढे टिकत नाही, म्हणून असे शॉट सकाळी सूर्योदयापासून तासाभरात, वारा उठायच्या आत उरक. धूर विरायला आणि सगळं पुन्हा लावायला दहा मिनिटं धर. तासाला पाच टेक. तुझ्या वेळापत्रकात १५ आहेत, ते होणार नाहीत.

डमी बंदुका तीन प्रकारच्या कर. जवळून दिसणाऱ्या तीन, लाकूड आणि लोखंडाच्या, खऱ्या वजनाच्या म्हणजे चार-साडेचार किलोच्या. मधल्या अंतरासाठी सहा, हलक्या. पडापडीसाठी सहा, रबराच्या. जड बंदूक खांद्यावर घेऊन चढ चढलेल्या नटाला दमण्याचा अभिनय करावा लागत नाही, म्हणून लांब चालीच्या प्रसंगातही निदान नायकाला आणि त्याचा रामोशी सरदार दौलतराव नाईक याला खऱ्या वजनाचीच दे. गोळी नसलेलं काडतूस वापरायची वेळ आलीच तर हत्यार फक्त जबाबदार शस्त्रनिगराणाच्या हातातून नटाकडे जाईल आणि शॉट संपताच त्याच्याकडे परत येईल. प्रत्येक वेळी नळी सर्वांसमोर तपासायची, आणि नेम माणसाच्या बाजूला धरायचा, माणसावर नाही, कॅमेरा तो फरक झाकतो. १९९३ मध्ये ब्रँडन लीचा चित्रीकरणात मृत्यू झाला तो नळीत अडकून राहिलेल्या गोळीच्या टोकामुळे; मागून गोळी नसलेलं काडतूस वाजलं आणि ते टोक बाहेर आलं. घाईत हा नियम मोडू बघणारा कुणीही असो, त्या दिवशी काम बंद कर.

मोहीम फेब्रुवारीत सुरू होऊन जुलैत संपते, म्हणजे निसर्गच तुला कालक्रम देतोय: वाळलेलं सोनेरी गवत, मग जळालेले काळे माळ, मे महिन्यात करवंदं, मग पहिला पाऊस. एकाच सलग वेळापत्रकात, नोव्हेंबरच्या हिरवळीत, हे मिळणार नाही. दोन तुकडे कर. पहिला फेब्रुवारी-मार्चमध्ये ३० दिवस, दुसरा जूनअखेर ते जुलै १२ दिवस. 'चे'च्या एकेका भागाचं चित्रण ३९ दिवसांत झालं होतं, तेव्हा ४२ दिवस तुला पुरले पाहिजेत. मधल्या तीन महिन्यांत नटांनी वजन उतरवायचं आणि दाढी वाढू द्यायची, ही अट करारात लिही. तोंडी सांगितलेली अट मे महिन्यात दुसरी जाहिरात आली की विरघळते.

कपड्यांच्या चार अवस्था लागतील: घरून निघतानाचे, महिनाभराचे, फाटके आणि शेवटचे. मुख्य सहा पात्रांना प्रत्येक अवस्थेचे दोन जोड, म्हणजे ४८ जोड. कपडा जुना करायला नुसती माती चोळू नका. जाडं खादीचं कापड चार-पाच वेळा खदखदून धुवा, उन्हात वाळवा, कोपर, गुडघे आणि खांद्यावर जिथे बंदूक टेकते तिथे वीट घासा, मग तेल आणि धूळ. घाम मानेपासून खाली उतरतो, डाग तसेच उतरले पाहिजेत. आणि पाय. वहाणांचा अंगठा तुटतो, तो सुतळीनं बांधलेला असतो, टाचेला भेगा असतात. चालीच्या प्रत्येक प्रसंगात एक शॉट पावलांचा घे. संकलनात तोच तुला वाचवेल.

भाषेचं काम वरवरचं करू नकोस. बोलिव्हियात चेचे लोक क्वेचुआ शिकत होते आणि त्या भागातली माणसं ग्वारानी बोलत होती. मोहीम कुठे अडली हे या एका तपशिलात दिसतं. तुझ्या गोष्टीतही फडके जसजसे दक्षिणेला सरकतात तसतशी भाषा हातातून निसटते. पुण्याची मराठी, रामोशांची बोली, पनवेलकडची आगरी, रोहिल्यांशी दख्खनी, आणि शेवटी देवर नावडगीला कानडी. सगळ्यांना प्रमाण मराठी देऊन हे घालवू नकोस. शेवटच्या १५ मिनिटांत भोवतालचं बोलणं नायकाला कळत नसेल तर तिथे मराठी उपशीर्षकंही देऊ नकोस. प्रेक्षकालाही कळायला नको.

रामोशी समाजाबद्दल मनापासून सांगतो. १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाइकांची परंपरा त्यांच्यामागे होती, गड-घाटांची वाट त्यांच्या पायाला होती आणि दौलतराव नाईक हे स्वतंत्र बुद्धीचे सरदार होते. कोकणातली पळस्पे-चिखलीची मोठी धाड त्यांची. मे महिन्यात डॅनियलच्या पथकाशी झालेल्या चकमकीत ते पडले. तुझ्या टिपणांत ते 'आज्ञा सरकार' एवढंच म्हणतात. त्यांना फडक्यांशी वाद घालू दे, लुटीच्या वाट्यावरून, दिशेवरून. त्यांच्या मृत्यूनंतर नायकाला वाट सांगणारं कुणी उरत नाही आणि हे प्रेक्षकाला जाणवायचं तर आधी त्यांची वाट बरोबर निघालेली दिसली पाहिजे. फडके जिथे शिकले त्या लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीचा प्रसंगही दोन मिनिटांच्या कसरतींवर सोडू नकोस. त्या आखाड्यात कोण कोण शेजारी उभं राहत होतं, ते दाखव.

बुधवारवाडा आणि विश्रामबागवाड्याची मे १८७९ मधली आग तू फडक्यांच्या हातून लावली आहेस. आरोप त्या वेळी झाला, सिद्ध झाला नाही. ज्वाळा पडद्यावर छान दिसतील, पण तो प्रसंग काढ. हवा तर शहरात पसरलेली अफवा दाखव: फडके शेकडो मैल दूर आहेत आणि पुण्यात प्रत्येक आगीवर त्यांचं नाव लागतंय.

परवानग्यांचं थोडक्यात. घोड्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी चित्रीकरणाआधी घ्यायची, नाहीतर सेन्सॉरच्या टेबलावर चित्रपट अडकतो. घोडा पाडायचा नाही, पडणं संकलनात करायचं. गड संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खातं, झाडी असेल तर वनखातं, दोन्ही अर्ज वेगळे आणि दोन्हींना वेळ लागतो. तीन महिने आधी दे. वणव्याच्या दिवसांत वनजमिनीवर मशाल कुणी देणार नाही, तो प्रसंग खासगी माळावर ने आणि पाण्याचा टँकर उभा ठेव.

शेवट कुठे करायचा, हे तू विचारलं आहेस. एडनच्या तुरुंगात नेल्यानंतर फडक्यांनी कोठडीचं दार बिजागरीतून निखळवून पळ काढला आणि ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला अन्नत्यागात त्यांचा अंत झाला. तुझ्या टिपणात या सगळ्यावर तिरंगा फडकतो. तो १८८३ चा नाही, काढून टाक. मी दारावर थांबेन. हिशेबाच्या कचेरीत बसलेल्या माणसाची बोटं पहिल्या २० मिनिटांत दाखवलीस, तीच बोटं बिजागरी चाचपताना. खिळे किती, सैल कोणते, मोजतायत. दार सुटतं, बाहेर कोरडा डोंगर आणि परकी भाषा.

आता नवीन मसुदा सुरू करू नकोस. आधी तक्ता पुरा कर आणि फक्त जात्यांचा प्रसंग लिही, आठ पानांच्या आत, संवाद दहा ओळींपेक्षा जास्त नकोत. तो पाठव, मग पुढचं बोलू.

तुझा,
एक हितचिंतक